झाकणाचा बाक



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. सबब तब्येतीची नाही (लेकीने आणि पुतण्याने काळजीने फोन केले, म्हणून आधीच सांगतो). सगळा उन्हाळा एका प्लॅस्टिकच्या झाकणाच्या नादात गेला. त्यातून जे निघालं ते इथे लिहावं की नाही, ह्यावर पुढचे दोन महिने गेले. लिहितो.

एप्रिलच्या शेवटी आमच्या जुन्या शाळेतून लिपिकांचा फोन आला. सामानाची खोली रिकामी करायची होती. "सर, तुमच्या वेळचे ते तीन संगणक भंगारात निघालेत, बघून जा." गेलो. जडसंग्रहातून निर्लेखन झालेलं होतंच. वजनाच्या भावाने पैसे भरले, रीतसर पावती घेतली, आणि तिन्ही यंत्रं सायकलरिक्षात घालून घरी आणली. सौभाग्यवतींची प्रतिक्रिया इथे देत नाही.

ही यंत्रं म्हणजे बीबीसी मायक्रो. आज चाळिशीच्या आतल्या कुणाला हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. ब्रिटनच्या बीबीसीने लोकांना संगणक-साक्षर करण्याची मोहीम काढली आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून डिसेंबर १९८१ मध्ये हा संगणक बाजारात आणवला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्या जोडीचं हे काम. (ह्याच दोघांनी पुढे जो प्रोसेसर आखला, त्याचे वंशज आज तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत.) मॉडेल बी ची स्मृती ३२ किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं 'सुप्रभात'चं फुलांचं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही.

आपल्याकडे हा आला तो १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेतून. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा घेतल्या, मग संख्या वाढत गेली. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने ह्याच यंत्राची भारतीय आवृत्तीही 'युनिकॉर्न' नावाने काढली. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला हे भाग्य कसं लाभलं कोण जाणे, पण लाभलं. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायला शिक्षक हवे होते. गणिताच्या सरांच्या घरी लग्न होतं, म्हणून मला पाठवलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, इतिहास शिकवणारा माणूस. तिथे सगळं इंग्रजीतून चालायचं. वहीत सगळं मराठी लिपीत उतरवून घेतलं आणि परत येऊन 'संगणक प्रमुख' झालो.

मे महिन्यात नातू पुण्याहून सुट्टीला आला. इंजिनियरिंगला आहे आणि जुने संगणक जमवण्याचं वेड आहे. पहिलं यंत्र पुसून त्याने पडवीत ठेवलं, एक डोळा मिटून झाकणाकडे आडवं पाहिलं, आणि म्हणाला, "आजोबा, ह्याच्यावर कुणी बसलं होतं का?"

झाकण मधोमध दबलेलं होतं. जुन्या खाटेला झोळ पडतो तसं. स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवून पाहिली तर मध्ये सहा मिलिमीटरची फट.

मी त्याला म्हणालो, "बसलं नव्हतं. एक मुलगा ह्याच्यावर रेलला होता. आठवीतला. चांगलं आठवतंय मला."

तो काही बोलला नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्र उलटं केलं. ह्या यंत्राचं झाकण चार स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि प्रत्येकाशेजारी 'फिक्स' अशी अक्षरं आहेत. ते चारच काढायचे. मला हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण चार-पाच वर्षांत एकदाही मी ते उघडलं नव्हतं. सरकारी वस्तू, बिघडली तर जबाबदारी कुणाची?

आता थोडं ह्या प्लॅस्टिकबद्दल. ह्याला एबीएस म्हणतात. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाइन आणि स्टायरीन अशा तीन द्रव्यांचं ते बनतं. पैकी ब्यूटाडाइन म्हणजे रबराचा अंश, त्यामुळे वस्तू आपटली तरी चटकन फुटत नाही. लहान मुलांच्या लेगोच्या विटाही ह्याचेच. गंमत अशी की लेगो कंपनी आधी सेल्युलोज अ‍ॅसिटेट वापरत असे. त्या विटा कालांतराने वाकायच्या, रंग बदलायच्या. म्हणून १९६३ मध्ये त्यांनी एबीएस आणलं. म्हणजे 'न वाकणारं' म्हणून ज्याची ख्याती, तेच आमच्याकडे वाकलं.

आमच्या घरी लहानपणी रेडिओ होता तो बेकलाइटचा. बेकलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही. तडकेल, जळेल, पण वाकणार नाही. एबीएस तसं नाही. साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडतं. तुम्ही म्हणाल, संगणकाच्या खोलीत १०५ अंश कुठून येणार? मीही हेच म्हणालो. पण वस्तूवर सतत वजन असेल तर तिला वाकायला इतकी उष्णता लागतच नाही. रोज केसाएवढं, अगदी नकळत, प्लॅस्टिक वजनाखाली सरकत राहतं. उष्णता वाढली की हे सरकणं वाढतं, आणि वजन उचललं तरी सगळं परत येत नाही. पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी कशी बसते? एका दिवसात नाही, आणि कुणी रेलल्यामुळेही नाही.

ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. उन्हात राहिलेली तबकडी पापडासारखी व्हायची आणि सुई तिच्यावर होडीसारखी डोलायची. माझे काका ती दोन काचांमध्ये घालून थोडा वेळ उन्हात ठेवत आणि मग सावलीत गार होऊ देत. बऱ्यापैकी सपाट व्हायची. गाणं मात्र पुढे थोडं रडकं यायचं.

तर, वाकलेल्या झाकणांची ही तक्रार आमच्यापुरतीच होती का? नातवाने वाचायला बरंच दिलं आणि आमची इतिहासाची खोड जागी झाली. शोध घेत थेट अमेरिकेत, १९७७ सालात पोचलो. त्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळ्यात अ‍ॅपल-२ लोकांपुढे आला. तोवर घरगुती संगणक म्हणजे पत्र्याचा डबा, नाहीतर नुसतीच उघडी पाटी. स्टीव्ह जॉब्जला तो स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखा घरात शोभेल असा हवा होता. जेरी मॅनॉक नावाच्या आरेखनकाराने त्याला प्लॅस्टिकचा देखणा पेटारा करून दिला. मेळ्यासाठी आलेले पहिले पेटारे इतके खडबडीत निघाले की माणसं बसवून ते घासून, रंगवून घ्यावे लागले. जॉब्जला पंख्याचा आवाजही नको होता. त्यासाठी रॉड होल्टने कमी तापणारा वीजपुरवठा बनवला. तरीही पहिल्या काही यंत्रांच्या पेटाऱ्याला वारा जायला फटीच नव्हत्या, त्या मागाहून आल्या. १९८० चा अ‍ॅपल-३ तर त्याहून वरचढ. तोही बिनपंख्याचा, तळ अ‍ॅल्युमिनियमचा. प्लॅस्टिक वाकायचा प्रश्न नव्हता, पण आतल्या चिप्स खाचांतून सुटायच्या. मग ग्राहकांना सल्ला दिला जाई की यंत्र टेबलापासून दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या! शेवटी सुमारे १४,००० यंत्रं बदलून द्यावी लागली.

एकूण, त्या काळच्या आरेखनकारांपुढचा पेच असा होता. संगणक घरात यायला हवा तर तो पत्र्याचा दिसून चालणार नाही. म्हणून प्लॅस्टिक. पण प्लॅस्टिक पत्र्यासारखी उष्णता बाहेर टाकत नाही आणि वजनही तसं पेलत नाही. बीबीसी मायक्रोचा पेटारा अ‍ॅलन बूथरॉइड ह्यांनी आखला. सुरेख काम आहे, आजही पाहत राहावंसं वाटतं. पुढे उतरता कळफलक, त्याच्या वरच्या ओळीत दहा तांबड्या कळा, आणि मागे ऐसपैस सपाट झाकण. त्या सपाटीनेच घात केला. तिच्याकडे पाहिलं की कुणालाही वाटावं, मॉनिटर ठेवायची हीच जागा. ब्रिटनमध्येही लोक ठेवतच. पण तिथे यंत्रावर आडवी बसणारी, वजन टेबलावर उतरवणारी लोखंडी घोडीही विकत मिळायची.

आमच्याकडे घोडी नव्हती. टेबलं अरुंद, शाळेतली नेहमीची. मॉनिटर काचेच्या नळीचा, दहा-बारा किलोचा. मी स्वतः तिन्ही मॉनिटर तिन्ही झाकणांवर ठेवले, खाली सौभाग्यवतींनी विणलेले रुमाल घालून. संगणकखोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. वातानुकूलन यंत्र मंजूर होतं, कागदावर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या बंद खोलीत किती होत असेल ते मोजायला कुणी गेलं नाही. शिवाय वीजपुरवठ्याची पेटी यंत्रात डाव्या अंगाला असते, ती आतून तापणार. संध्याकाळी यंत्र बंद केल्या केल्या मी त्यावर रेक्झिनचं आच्छादन घालायचो, धूळ बसू नये म्हणून. गरम भाकरी कापडात गुंडाळावी तसं. सुट्टीतही मॉनिटर खाली उतरवले नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाहीत.

हे सगळं नातवाला सांगताना माझ्याच तोंडून बाहेर आलं. तो म्हणाला, "आजोबा, बाकीची दोन झाकणं पण आणा ना."

दोन्ही आणली. पडवीच्या दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात तिन्ही शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींना झोळ, आणि तिन्हींचा डावीकडे जास्त. प्रत्येकीवर चार बारीक गोल खळगे होते, रुपयाच्या नाण्याहून लहान. मॉनिटरच्या रबरी पायांचे.

मी तीस वर्षं मुलांना इतिहासाची साधनं शिकवली. लिखित साधनं, भौतिक साधनं, मौखिक साधनं. लिखित साधनावर आंधळा विश्वास ठेवू नये, लिहिणाऱ्याचा हेतू तपासावा, हेही फळ्यावर लिहून दिलं. आता लिखित साधन ऐका. १९८७ च्या फेब्रुवारीत तपासणीला अधिकारी आले, तेव्हा एका यंत्रावरचा मॉनिटर हलवला गेला आणि झाकणाचा बाक दिसला. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे कसं झालं? मला आठवलं की मागच्या आठवड्यात आठवीचा एक मुलगा त्या यंत्रावर कोपर टेकून पडद्यात डोकावत होता आणि मी त्याला हटकलं होतं. एका यंत्रावर दहा-बारा मुलं असायची. मागच्याला दिसायचं कसं? तो मुलगा जिनिंग फॅक्टरीतल्या हमालाचा. "सर, मी नुसता हात टेकला होता, वजन नाही टाकलं," असं तो म्हणाला. मी ऐकलं नाही. वडिलांना बोलावलं. ते शाळेच्या पायऱ्यांवर चपला काढून आत आले होते, ते चांगलं आठवतं. मुलाकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि वर्षअखेरपर्यंत त्याचा संगणकाचा तास बंद केला. त्याच्यासारखा नाद त्या वर्गात दुसऱ्या कुणाला नव्हता. नंतर तो त्या खोलीकडे कधी फिरकला नाही. नववीत शाळाही सुटली. ती कशामुळे सुटली ते मला माहीत नाही, त्या काळी कारणं पुष्कळ असायची. पण माहीत करून घ्यावं असं वाटलं नाही, हेही खरं.

आणि एप्रिलमध्ये यंत्रं नेताना जडसंग्रह नोंदवहीत सही केली, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात माझंच वळणदार अक्षर होतं: "विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे झाकण दबले." त्या दिवशी ते वाचून मी हसलोसुद्धा होतो, काय दिवस होते म्हणून.

असो. झाकण सरळ कसं केलं ते सांगतो, कारण त्यात नातवाची मेहनत आहे.

पहिली चूक माझी. घरात केस वाळवायचं यंत्र होतं, त्याने काम हळू होतं म्हणून मी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून गरम हवेची बंदूक आणली आणि एका कोपऱ्यावर धरली. मिनिटभरात झाकणाची बारीक खरखरीत कांती तिथे वितळून चकचकीत झाली. तो डाग आता जन्माचा. नातू माझ्यावर रागावला नाही, पण बंदूक त्याने हळूच परत देऊन टाकली.

मग पाण्याचा उपाय. पाण्याची गंमत ही की ते सगळीकडून सारखं तापवतं आणि काही केलं तरी शंभराच्या वर जात नाही. लग्नकार्याचं मोठं पितळी घंगाळ माळ्यावरून काढलं. झाकणाच्या आतून आणि बाहेरून जाड प्लायवूडच्या पट्ट्या, मध्ये मऊ कापड, आणि सुताराचे शिकंजे. मधल्या पट्टीखाली दोन मिलिमीटरची चकती घातली, म्हणजे झाकण उलट्या बाजूला किंचित जास्त वाकेल. शिकंजा काढला की प्लॅस्टिक थोडं मागे फिरतं, त्याचा हिशोब आधीच धरायचा. पाणी ७० ते ७५ अंशांवर, थर्मामीटर लावून. अर्धा तास ठेवायचं, मग शिकंज्यासकट बाहेर काढून रात्रभर तसंच गार होऊ द्यायचं. घाई करून गार पाणी ओतायचं नाही. एक बाजू आधी आकसली तर नवाच पीळ बसतो.

इथे एक गोष्ट मला विलक्षण वाटली. साच्यात गरम प्लॅस्टिक दाबून भरतात तेव्हा त्याचा बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागून. त्या ओढाताणीचे ताण वस्तूत कायमचे राहून जातात. पुन्हा ऊब मिळाली की ते मोकळे होऊ लागतात. त्यामुळे वजनाने आलेला बाक नुसत्या उष्णतेनेही काही अंशी मागे जातो, जणू साच्यातला आकार त्याला आठवतो. पण तेच ताण कधी नवा वाकडेपणाही आणतात. म्हणून बांधून ठेवल्याशिवाय तापवायचं नाही.

पहिल्या खेपेला सहाचे चार झाले, दुसऱ्याला अडीच, तिसऱ्याला दीड. तिथे थांबलो. एका कोपऱ्यात चीर होती, ती यंत्राच्याच आतल्या तुटक्या तुकड्याचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भरली. पिवळेपणा मात्र तसाच ठेवला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती २००८ पासून ह्या छंदाच्या लोकांत फार चालते, आणि पांढरं होतंही. पण आमच्या उन्हात ठेवायचं म्हणजे पुन्हा वाकायला आमंत्रण. कित्येकांनी असे पेटारे पांढरे करता करता वाकवून ठेवलेत म्हणे.

वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटर नातवाने आधीच बदलले होते. त्या काळचे हे तडकतात आणि धूर सोडतात. झाकण बसवलं, चार स्क्रू आवळले, बटण दाबलं. तोच दोन सुरांतला आवाज आला आणि पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' ही अक्षरं उमटली. मॉनिटर ह्या वेळी शेजारी ठेवला, पाटावर.

जूनमध्ये शाळेत गेलो. लिपिकांना म्हटलं, नोंदवहीतला शेरा दुरुस्त करायचा आहे. ते बिचारे गोंधळले. निर्लेखन झालेल्या वस्तूचा शेरा बदलायची कुठे तरतूद नाही. खाडाखोड तर चालतच नाही. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी (ह्या माझ्याच विद्यार्थिनी) परवानगी दिली. लाल शाईने खाली लिहिलं: "वरील शेरा चुकीचा. झाकण मॉनिटरच्या वजनाने व उष्णतेने दबले. मॉनिटर मी ठेवला होता." सही आणि तारीख घातली.

त्या मुलाचा शोध घेतला. मुलगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ असेल आता. त्याच्या वर्गातल्या एकाने सांगितलं की ते कुटुंब सुरतेकडे गेलं. एक जुना पत्ता मिळाला, त्यावर पत्र टाकलं आहे. पत्र परत आलेलं नाही, उत्तरही नाही.

उरलेली दोन झाकणं दिवाळीच्या सुट्टीत करू, असं नातू म्हणतो. घंगाळ मी माळ्यावर चढवलेलं नाही.